पन्नास प्रतींचं ‘उधाण’

प्रिय भाऊ,

‘प्रिय’ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. राहू दे. संपादकाला पत्र लिहिताना मायना चुकला तर तुम्ही तिकडूनही लाल पेनाने गोल काढाल.

उद्या, रविवारी, तुमची शोकसभा आहे. संदेशने मला बोलायला सांगितलंय. तुमचा मुलगा मला म्हणतो, “पाचच मिनिटं बोल, निख्या. पण पब्लिकच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे.” आणि परवा, सोमवारी सकाळी, मला दर्शनाच्या वकिलांकडे जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही करायची आहे. त्यात लिहिलंय की ज्या दिवशी तिच्या घराची नोटीस ‘उधाण’मध्ये छापून आली, त्या दिवशी ‘उधाण’ एकाही वाचकाच्या हातात गेलं नव्हतं.

सही केली तर तुम्ही चाळीस वर्षं चालवलेलं दैनिक कोर्टात खोटं ठरतं. नाही केली तर दर्शनाचं आणि तिच्या आईचं घर जातं.

दोन दिवस भाषण लिहायला बसतोय. पाणी बिणी काही येत नाहीये, भाऊ. शिव्या येतायत. त्या सभेत कशा देऊ? म्हणून इथे.

तुम्ही ‘उधाण’ कशासाठी काढलंत, हे मी तुमच्याच तोंडून किती वेळा ऐकलंय! ऑफिसात नवीन कोणी आलं की चहा सांगायचा आणि सुरू. तुमच्या वडिलांचं उरणच्या बाजूचं मिठागर. ते सरकारने ताब्यात घेतलं तेव्हा हरकत घ्यायला मुदत दिली होती, आणि ती मुदत संपून गेल्यावर तुम्हाला कळलं. तुम्ही तेव्हा माझ्याच वयाचे, डोकं माझ्यासारखंच गरम. तडक कचेरीत गेलात. तिथल्या बाबूने फाइल उघडून एक कात्रण दाखवलं. “नोटीस तर दिली होती की! पेपरात आलीय.” मुंबईचा कुठला तरी पेपर.

“त्यो पेपर आमचे गावान भेलीचे पुडीला पन येत नव्हता रं,” तुम्ही म्हणायचात. आणि हसायचात. तुमचे वडील त्यानंतर कधी त्या बाजूला फिरकले नाहीत, हे मात्र तुम्ही एकदाच सांगितलंत. तेव्हा हसला नव्हतात.

त्या रागातून ‘उधाण’ निघालं. आधी साप्ताहिक, मग रोज. खिळे जुळवायला तुम्ही, शाई लावायला तुम्ही, सायकलवर वाटायला तुम्ही. सकाळचा पेपर काढायची पद्धत तुम्हाला मान्य नव्हती. सकाळी माणूस कामावर पळतो, वाचणार कधी? म्हणून सायंदैनिक. दुपारी छापायचं, संध्याकाळी गावात. आणि गावातल्या निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी जेट्टीवर उभं राहून तुम्ही नोटिशींचं पान मोठ्याने वाचायचात. आधी जसं छापलंय तसं: “सर्व संबंधितांस कळविण्यात येते की...” आणि मग आपल्या बोलीत: “आयका रं! वरच्या आळीचे जागेवर कोन तरी डोला ठेवलाय. ज्याची हाय त्याना उद्या माझेकडं या.”

म्हावऱ्याच्या पाट्या घेतलेल्या बाया थांबायच्या. “भाऊ, माजे नावाचा काय हाय काय त्याच्यान?”

“नाय गो. आज वाचलीस.”

माझ्या जन्माआधीचं आहे हे सगळं. पण मी ते इतक्यांकडून ऐकलंय की मला ते दिसतं. आणि दिसतं म्हणूनच जास्त संताप येतो! न वाचलेल्या नोटिशीने तुमच्या बापाला खाल्लं, आणि तुम्ही त्याच नोटिशींचा कारखाना काढलात? शेवटी?

थांबा. क्रमाने लिहितो. “आधी घडलं काय ते लिही, तुझा राग मंग लिही,” हे तुमचंच.

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं तेव्हा आमच्या जुईनगरच्या फ्लॅटमध्ये सुतक लागल्यासारखं होतं. पप्पा साताऱ्याहून इथे येऊन तीस वर्षं एकाच कंपनीत नाक मुठीत धरून राहिले, ते कशासाठी, असा त्यांचा प्रश्न. स्टेशनाजवळच्या तुमच्या गाळ्यावर ‘डीटीपी येणारा पाहिजे’ अशी पाटी दिसली, आत शिरलो.

“कालेज का सोरला?”

“कंटाळा आला.”

“मंग हितं रोज येशील कशावरनं?”

“इथे रोज वेगळं असेल ना काहीतरी.”

“येडा हायस. रोज त्याच असतं. फकस्त नावा बदलतान.”

आणि तुम्ही मला घेतलंत. पप्पा बोलत नव्हते त्या वर्षभरात रोज दुपारी दोनला मला ‘जेवलास का’ विचारणारे तुम्हीच होतात. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर सोमवारची सही डोळे मिटून केली असती.

दर्शना पण तुमच्याच गाळ्यात भेटली. वडिलांच्या प्रथम पुण्यस्मरणाचा फोटो घेऊन आली होती. ग्रुप फोटो, कुणाच्या तरी हळदीतला. मी म्हटलं, क्रॉप करतो. ती म्हणाली, खांद्यावरचा हात कापू नका, तो माझा आहे. मी म्हटलं, मग तुमचा अर्धा हात येईल पेपरात. “येऊ दे,” म्हणाली. मी अर्धा तास त्या फोटोवर काम करत होतो आणि तुम्ही मागून मोठ्याने: “निखिल, बापाचा फोटू लावाचाय रं. पोरीचा नाय!”

ती लाल झाली. मी मेलो. तुम्ही खोकत खोकत हसलात.

त्यानंतर ती दर महिन्याला काही ना काही चुका काढायला येत राहिली. मी पण मुद्दाम एखादी ठेवत होतो, हे तुम्हाला माहीत होतं. आता कबूल करतो.

आता पन्नास प्रतींचं.

मी आलो तेव्हा अंक खरंच निघत होता. थोडा, पण निघत होता. स्टेशनवरचा स्टॉलवाला दहा घ्यायचा, मग पाच, मग म्हणाला, “भाऊंना सांग, जागा अडते.” उरणला जाणारा गठ्ठा बंद झाला. सगळं मोबाइलवर. ठीक आहे, जग बदललं, त्यात तुमचा काय दोष? त्या दिवशी शटर ओढलं असतंत तर गावाने तुमची मिरवणूक काढली असती.

पण तुम्ही बंद केलं नाहीत. संदेशने आणि त्या जाहिरात एजन्सीवाल्याने तुम्हाला रस्ता दाखवला. रोज पन्नासच प्रती काढायच्या. एक सरकारी कार्यालयात, एक एजन्सीला, एकेक वकिलांना, एक आपल्या फाइलला, बाकीच्या कोपऱ्यात. वितरण नाही, वाचक नाही, फक्त नोटिशी. कागदोपत्री दैनिक जिवंत!

मला तर आधी कळलंच नाही की एवढ्या नोटिशी आपल्याकडेच का येतात. खूप मोठी मोठी दैनिकं आहेत की! मग एजन्सीवाला एकदा चहा पिता पिता बोलून गेला, “पार्टीला काय पाहिजे असतं, बॉस? छापली पाहिजे आणि दिसली नाही पाहिजे. तुमचा पेपर त्याच्यासाठी एकदम बेस्ट.”

तुम्ही समोर बसला होतात, भाऊ. चष्मा पुसत होतात. मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा माणूस उठणार आणि त्याला कानाखाली देणार. तुम्ही चष्मा लावलात आणि मला म्हणालात, “पान सोड. पिरेसवाला थांबलाय.”

का? का नाही उठलात? छातीचं ऑपरेशन झालं होतं, मान्य. जिना चढताना तीनदा थांबत होतात, मान्य. पण एक शब्द! मालक तुम्ही होतात. पहिल्या पानावर संपादक म्हणून तुमचं नाव होतं. त्या नावासाठीच ना हे सगळं? ‘उधाण’चा संपादक म्हणून मरायचं होतं ना तुम्हाला? मेलात. खूश?

चिडून लिहिलं. खोडत नाही.

आता माझं. कारण यात मी पण आहे, आणि ते सगळ्यात वाईट आहे.

त्या दुपारी पान सोडायची घाई होती. चार नोटिशी टाइप करायच्या होत्या. मी कानात हेडफोन घालून दर्शनाशी बोलत होतो. ती सांगत होती की आईने अंगणातल्या शेवग्याची भाजी केलीय, डबा आणू का. मी ‘हो, हो’ म्हणत टाइप करत होतो. मौजे अमुक, गावठाणातील घर क्रमांक तमुक, श्री. अमुक म्हात्रे यांच्याकडून आमचे अशील खरेदी करणार असून, कोणाचाही हक्क किंवा हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल.

“काय टाइप करतोयस रे? किती टकटक!” तिने विचारलं.

“काही नाही गं. कचरा. नोटीस आहे.”

ती तिच्या घराची नोटीस होती, भाऊ.

मला कसं कळणार? त्या गावात अर्धे लोक म्हात्रे. घर क्रमांक कोणाला माहीत असतो? मला तिचं घर ‘विहिरीच्या बाजूचं’ एवढंच माहीत होतं. आजोबा गेल्यावर कागदावर मोठा मुलगा म्हणून तिच्या काकाचं नाव लागलं. काका ठाण्याला राहतो, गणपतीला येतो, दोन मोदक खातो आणि जातो. त्याने अख्खं घर परस्पर एका बिल्डरला द्यायचं ठरवलं. अशी माझी स्वतःची किती तरी समर्थनं तयार आहेत. पण गावाचं नाव मी माझ्या बोटांनी टाइप केलं होतं ना? तिच्याशी बोलत बोलत! एकदा विचारलं असतं, ‘तुझ्या गावातलं घर विकतंय कोणी तरी, कोणाचं गं?’ तर? तुम्ही चाळीस वर्षं हेच विचारत आलात. मला शिकवायचं का राहिलं? की मी शिकलो नाही?

प्रेसमधून पन्नास अंक मीच आणले. एका कापडी पिशवीत बसले. संध्याकाळी तिने आणलेला डबा मी त्याच टेबलावर खाल्ला.

चौदा दिवस गेले. आणखी महिना गेला. मग एक दिवस माणसं टेप घेऊन अंगणात आली. दर्शनाची आई बाहेर आली. “कोनाचा माप घेताव?” त्यांनी एक झेरॉक्स दाखवली. त्या बाईला सही करण्यापुरतं वाचता येतं, पण वरचं नाव तिने ओळखलं. नवरा जिवंत असताना रोज घरात यायचं. दर्शना कामावरून आली तेव्हा ती ओटीवर बसून होती. “आपलेच पेपरान आलाय गो,” एवढंच म्हणाली. तक्रार पण नाही! जणू ‘उधाण’मध्ये आलं म्हणजे खरंच असणार.

तिचा तो विश्वास तुम्ही कमावलेला होता, भाऊ. जेट्टीवर उभं राहून, घसा बसेपर्यंत. बिल्डरला तो फुकट मिळाला.

दर्शना कोर्टात गेली. आता बिल्डरचा वकील तिथे कात्रण नाचवतोय. “नोटीस तर दिली होती. हरकत कोणी घेतली नाही.” ओळखीचं वाक्य वाटतं का?

मी तुमच्याकडे आलो होतो, गावच्या घरी. दुपारची वेळ, तुम्ही ओटीवर आरामखुर्चीत. मी आलो तो ओरडतच आलो. काकी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या राहिल्या. मी काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही. ‘दलाल’ म्हणालो, तेवढं आठवतं.

तुम्ही शांतपणे म्हणालात, “छापला व्हता का नाय? छापला व्हता.”

आणि मग तुमचं तुम्हालाच ऐकू आलं. मी बघितलं ते. चेहरा असा झाला जसं कोणी आतून दार लावून घेतलं. म्हणालात, “ह्याच वाक्य मी पन आयकलेला, नाय का?”

मला वाटलं, झालं! आता भाऊ उठतील, म्हणतील चल, मी पण येतो, दोघं सही करू. तुमच्या एका सहीने केस फिरली असती. संपादक स्वतः सांगतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार होतं?

पण तुम्ही माझा हात धरलात. “निखिल, येक कर. मी हाय तवर थांब. माझे मागारी कर काय कराचा त्या.”

आणि मी गाढव, ‘बरं’ म्हणालो.

कसलं मागणं होतं हे? तुमच्या मागे म्हणजे कधी? डॉक्टरने तारीख दिली होती का? मी दर्शनाच्या वकिलांना ‘पुढच्या आठवड्यात येतो’ सांगायला लागलो. त्यांनी तारीख वाढवून घेतली. परत ‘पुढच्या आठवड्यात’. आणि खरं सांगू? मोबाइलवर संदेशचं नाव आलं की मी फोन लगेच उचलायचो नाही. वाईट बातमी असेल म्हणून, आणि बातमी नसेल म्हणूनही. तुम्ही मला तुमच्या मरणाची वाट बघायला लावलीत, भाऊ! ज्याने मला जेवलास का विचारलं, त्याच्या मरणाची! यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही. घराचं एक वेळ कोर्ट बघेल. याचं कोण बघणार?

दर्शनाला मी कारण सांगितलं, तेव्हा ती गाळ्याबाहेर उभी होती. आत यायला तयार नव्हती.

“म्हणजे म्हातारा मरेपर्यंत आमी थांबायचं?”

“तसं नाही गं...”

“तसंच आहे. माझी आई रोज दाराला आतून कडी लावून बसते, टेपवाले येतील म्हणून. तिला काय सांगू? निखिल भाऊंना घाबरतो?”

“घाबरत नाही. शब्द दिलाय.”

“मला पण दिलास की.” आणि मग जे म्हणाली ते अजून कानात आहे. “तू पण तुमच्या पेपरसारखाच आहेस. दाखवण्यापुरता.”

गेली. सतरा मेसेज केले, दोन निळ्या टिक्स येतात, उत्तर येत नाही. तिच्या बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो तर मागच्या दाराने उतरली. पप्पा इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलले, “पोरगी सोडून गेली का?” मी हो म्हणालो. “मग कॉलेज पूर्ण कर,” म्हणाले. आमच्या घरात सगळ्यावर तेवढंच औषध आहे.

नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

तुमची निधनाची बातमी मी टाइप केली. पहिलं पान. संदेशने वर अर्धं पान श्रद्धांजलीची जाहिरात घेतली, त्यात तेवीस चेहरे, आणि तुमचा फोटो त्यांच्यापेक्षा थोडासाच मोठा. ती जाहिरात कोणाची होती माहीत आहे? त्याच बिल्डरची. मी संदेशला म्हटलं, ही काढ. तो म्हणाला, “भावनिक होऊ नको. आणि वाचणार कोण आहे?”

बरोबर होतं त्याचं. ते पण पन्नासच छापलं. तुम्ही मेल्याचं तुमच्या गावाला तुमच्या पेपरातून कळलं नाही.

काल संदेश परत आला. माझ्या खांद्यावर हात टाकला. “कुठे तरी सही बिही करतोयस असं ऐकलं. बघ, तू हुशार आहेस. पुढच्या महिन्यापासून संपादक म्हणून तुझं नाव टाकू. माझ्या पप्पांची पण तीच इच्छा होती.” होती का, भाऊ? खरंच म्हणाला होतात? मला पडताळून बघायला तुम्ही नाही आहात, आणि हे त्याला चांगलं माहीत आहे. खोटं नाही बोलत, एक क्षण मला माझं नाव तिथे दिसलं. छान दिसलं. मग मी त्याचा हात खांद्यावरून काढला.

म्हणून हे शेवटचं ऐका.

उद्या सभेत मी येणार, पण बोलणार नाही. संदेशला आत्ताच मेसेज केलाय. जे मला बोलायचंय ते आधी कोर्टात बोलायचं आहे. सोमवारी सही करणार. वकिलांनी मसुदा पाठवला होता, त्यात ‘तत्कालीन संपादक’ असं लिहिलं होतं. मी फोन करून सांगितलं, पूर्ण नाव घाला. ते म्हणाले, गरज नाही, गेलेल्या माणसाचं नाव कशाला? मी म्हटलं, गरज आहे. आणि त्याच्याखाली माझं घाला, नोटीस टाइप करणारा आणि अंक आणणारा म्हणून. लपवून ठेवलेलं खूप झालं आमच्या ऑफिसात.

दर्शना तिथे असेल. ती माझ्याशी बोलेल असं वाटत नाही. ‘मी हे तिच्यासाठी करत नाहीये’ असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. तिच्यासाठी करतोय. तिच्या आईच्या कडीसाठी करतोय. थोडं माझ्यासाठी. आणि ती उठून निघून गेली तरी सही तीच राहील.

शब्द देतो, भाऊ, आणि हा आता कोणाच्या मरणावर टांगलेला नाही. मला उलटसुलट विचारतील तेव्हा तुम्ही काय केलंत ते सगळं सांगेन, एक ओळ गाळणार नाही. आणि बाहेर आल्यावर कोणी तुम्हाला नुसता चोर म्हणालं, तर त्याची कॉलर धरून आधीची तीस-पस्तीस वर्षं ऐकवेन. ऐकेपर्यंत सोडणार नाही.

तुमच्यावर भयंकर चिडलेला,
आणि दुपारी दोन वाजले की अजून तुमच्या खुर्चीकडे बघणारा,
निखिल